एकवीस अंकी संख्येची कहाणी

बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्या चतुर पुरुषाची गोष्ट लहानथोर सर्वांच्या परिचयाची आहे. राजा प्रसन्न होऊन ‘हवे ते माग’ म्हणाला, तेव्हा त्या पुरुषाने धनदौलत मागितली नाही. पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, अशा रीतीने प्रत्येक घरात मागच्या घराच्या दुप्पट दाणे ठेवून चौसष्ट घरे भरून द्यावीत, एवढेच त्याचे मागणे होते. राजाला प्रथम हसू आले; परंतु कोठारांमागून कोठारे रिकामी होऊ लागली तरी पट भरेना, तेव्हा ते हसू मावळले. गोष्ट येथे संपते.

अंकांची गोष्ट मात्र चौसष्टाव्या घरापाशी थांबत नाही. त्या पटाला आणखी तीन घरे जोडली आणि तीही त्याच नियमाने भरली, तर सदुसष्ट घरांतील एकंदर दाण्यांची संख्या पुढीलप्रमाणे येते :

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

एकवीस अंकांची ही संख्या दिसण्यात इतर कोणत्याही मोठ्या संख्येसारखीच आहे. तिच्यात अंकांची सुबक रांग नाही, डोळ्यांत भरावी अशी पुनरावृत्ती नाही. तथापि या एका संख्येविषयी केलेले एक विधान छापले गेल्यापासून ते खोडणारा पुरावा फळ्यावर लिहिला जाईपर्यंत दोनशे एकोणसाठ वर्षे लोटली. त्या पुराव्यासाठी लागले काय, तर खडू, फळा आणि शाळेत शिकवला जातो तोच गुणाकार. हे कसे घडले हे समजण्यासाठी आधी या संख्येची ओळख करून घेतली पाहिजे.

दुपटीच्या नियमात एक गंमत दडलेली आहे. पहिल्या घरापर्यंत एकंदर दाणे १, दुसऱ्यापर्यंत ३, तिसऱ्यापर्यंत ७, चौथ्यापर्यंत १५, पाचव्यापर्यंत ३१. प्रत्येक वेळी बेरीज पुढच्या घरातील दाण्यांपेक्षा बरोबर एकाने कमी भरते. म्हणून सदुसष्ट घरांची बेरीज काढण्यासाठी सदुसष्ट आकडे मांडून बेरीज करीत बसण्याचे कारण नाही. दोनाला दोनाने गुणत गुणत सदुसष्टावा घात काढावा आणि त्यातून एक वजा करावा, की उत्तर हाती येते. केवळ शून्य आणि एक हे दोनच अंक वापरून संख्या लिहिण्याची एक पद्धत आहे. संगणक तीच वापरतो. त्या पद्धतीने ही संख्या लिहिली, तर एकापुढे एक असे सदुसष्ट एके ओळीने उभे राहतात. दहा अंकांच्या वेशात ओबडधोबड वाटणारी ही संख्या दोन अंकांच्या वेशात किती नेटकी दिसते!

तिच्या विस्ताराची कल्पना करणे कठीण आहे. आपल्या प्राचीन गणितज्ञांना मोठ्या संख्यांची मनापासून आवड होती. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिलेली आहेत. अठराव्या स्थानी असलेला परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. ही संख्या त्या परार्धाच्याही पुढे जाते. तिच्यात १४७५ परार्ध सामावतात आणि वर पुष्कळ शिल्लक उरते. एखाद्याने दर सेकंदाला एक या वेगाने, न झोपता न थांबता, दाणे मोजावयाचे ठरवले, तर त्याला सुमारे ४ लक्ष ६७ हजार कोटी वर्षे लागतील. शास्त्रज्ञांच्या मते या विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. म्हणजे विश्वाच्या आरंभापासून आजपर्यंतचा काळ तीनशेहून अधिक वेळा सरला, तरच ही मोजणी पुरी व्हावयाची.

परंतु गणितज्ञांना तिच्या विस्ताराचे फारसे आश्चर्य वाटले नाही. हिच्यापेक्षा मोठी संख्या हवी असेल तर हिच्यात एक मिळवला की झाले! त्यांना पडलेला प्रश्न निराळा होता : ही संख्या मूळ आहे की संयुक्त?

जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११ या मूळ संख्या होत. १५ ही संयुक्त, कारण ती ३ आणि ५ यांच्या गुणाकाराने बनते. विटांनी भिंत उभी राहावी त्याप्रमाणे मूळ संख्यांच्या गुणाकारांनी बाकीच्या सर्व संख्या उभ्या राहतात. म्हणून एखादी संख्या ही वीट आहे की भिंत आहे, हे जाणण्याची ओढ गणितज्ञांना फार प्राचीन काळापासून लागलेली आहे.

दुपटीतून एक वजा करून मिळणाऱ्या संख्यांविषयी ही ओढ अधिकच होती. त्याचे कारण ग्रीक गणितज्ञ युक्लिड यांच्यापर्यंत, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे तीनशे वर्षे, मागे जाते. सहा या संख्येला १, २ आणि ३ यांनी भाग जातो, आणि या तिघांची बेरीजही सहाच होते. अठ्ठावीस या संख्येला १, २, ४, ७ आणि १४ यांनी भाग जातो, आणि त्यांची बेरीज अठ्ठावीस होते. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. युक्लिड यांनी दाखवून दिले, की दुपटीच्या रांगेतील बेरीज जेथे मूळ संख्या ठरते, तेथे तिला शेवटच्या घरातील दाण्यांनी गुणले असता परिपूर्ण संख्या मिळते. दोन घरांची बेरीज ३ ही मूळ. शेवटच्या घरात २. तीन दुणे सहा. तीन घरांची बेरीज ७ ही मूळ; शेवटच्या घरात ४; सात चोक अठ्ठावीस. पाच घरांची बेरीज ३१ ही मूळ, शेवटच्या घरात १६, गुणाकार ४९६. जिज्ञासू विद्यार्थ्याने ४९६ चे भाजक शोधून त्यांची बेरीज अवश्य करून पाहावी.

मग घरांची संख्या किती असता बेरीज मूळ येते? चार घरांची बेरीज १५ आणि सहा घरांची ६३. या दोन्ही संयुक्त. घरांची संख्या संयुक्त असली तर बेरीजही संयुक्तच येते, हे सिद्ध करता येते. घरांची संख्या मूळ असली म्हणजे बेरीज मूळ येईल काय? दोन, तीन, पाच आणि सात घरांपर्यंत हा तर्क खरा ठरतो. परंतु अकरा घरांपाशी तो फसतो. अकरा घरांची बेरीज २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. चार ठिकाणी खरा ठरलेला नियम पाचव्या ठिकाणी पडला. म्हणजे प्रत्येक मूळ घरसंख्येची स्वतंत्र परीक्षा घेतल्याखेरीज गत्यंतर नाही, असे ठरले. सदुसष्ट ही मूळ संख्या आहे. म्हणून तिची परीक्षा आवश्यक होती.

सतराव्या शतकात पॅरिस येथे मारिन मर्सेन नावाचे एक विद्वान धर्मोपदेशक राहत असत. त्यांचा जन्म १५८८ मधला. मठात राहणाऱ्या या साधुवृत्तीच्या पुरुषाचा पत्रव्यवहार मात्र साऱ्या युरोपभर चाले. देकार्त, फर्मा यांच्यासारखे थोर गणितज्ञ त्यांना आपले शोध कळवीत, आणि मर्सेन ते इतरांपर्यंत पोहोचवीत. शास्त्रीय मासिके नव्हती त्या काळात त्या एका मठातील लेखणीने मासिकाचे काम केले. या मर्सेन यांनी १६४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक यादी दिली. घरांची संख्या २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ असता बेरीज मूळ येते; दोनशे सत्तावन्नपर्यंतच्या बाकीच्या सर्व ठिकाणी ती संयुक्त असते, असे त्यांनी लिहिले. या यादीत सदुसष्ट होते. अशा रीतीने आपली एकवीस अंकी संख्या मूळ संख्या म्हणून जगापुढे आली.

ही यादी मर्सेन यांनी कशी केली असेल? सर्व संख्यांना भाग लावून पाहणे त्या काळी कोणालाही शक्य नव्हते, आणि हे त्यांनाही पुरतेपणी ठाऊक होते. पंधरा-वीस अंकांची संख्या मूळ आहे किंवा नाही हे ठरवावयास सारा काळही पुरणार नाही, अशा अर्थाचे उद्गार त्यांनीच काढलेले आहेत. म्हणजे यादीचा काही भाग तपासलेला होता, तर काही भाग केवळ तर्काने लिहिलेला होता. परंतु छापील पृष्ठावर तपासलेले आणि तर्काने लिहिलेले एकाच शाईने उमटते. पुढच्या पिढ्यांनी यादी वाचली, मर्सेन यांची विद्वत्ता आठवली आणि विश्वास ठेवला. १७७२ मध्ये स्वित्झर्लंडचे सुपुत्र ऑयलर यांनी एकतीस घरांची बेरीज, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ ही संख्या, खरोखरच मूळ असल्याचे सिद्ध केले. त्यामुळे यादीवरचा विश्वास वाढला असल्यास नवल नाही. एकतीस खरे ठरले, तर सदुसष्ट का खरे नसावे?

वरवर पाहिले तर संशयाला जागाही नव्हती. संख्येच्या शेवटी ७ आहे. म्हणून तिला २ ने किंवा ५ ने भाग जात नाही. तिच्या सर्व अंकांची बेरीज १०९ येते. म्हणून ३ ने किंवा ९ ने भाग जात नाही. एकाआड एक अंकांच्या बेरजा ६३ आणि ४६ येतात. त्यांतील अंतर १७. म्हणून ११ नेही भाग जात नाही. शाळेत शिकलेल्या कसोट्या येथे संपतात, आणि पुढे अंधार सुरू होतो. संख्या संयुक्त असलीच, तर तिचा लहान अवयव फार तर सुमारे १२१५ कोटींपर्यंत कोठेतरी असला पाहिजे, एवढेच सांगता येते. त्या अरण्यात शिरणार कोण?

१८७६ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञांनी अरण्यात न शिरताच त्याची वार्ता आणली. त्यांनी अवयव शोधण्याचा नाद सोडला आणि एक नवीच कसोटी तयार केली. कुंभाराच्या दुकानात मडके घेणारी गृहिणी त्याला बोटाने टिचकी मारून पाहते. खणखणीत आवाज आला तर मडके धड. बद्द आवाज आला तर ते कोठेतरी तडकलेले आहे, हे ती जाणते. तडा कोठे आहे हे तिला दिसत नाही. पण तडा आहे, याविषयी तिला शंकाही राहत नाही. ल्युका यांची कसोटी अशीच टिचकी मारण्याची होती.

या कसोटीला अमेरिकन गणितज्ञ लेहमर यांनी १९३० मध्ये जे सुटसुटीत रूप दिले, ते विद्यार्थ्यांनाही करून पाहता येईल. आरंभी ४ लिहावे. त्याचा वर्ग करून २ वजा करावे, १४ येतात. चौदाचा वर्ग १९६, त्यातून २ वजा, १९४ येतात. पुन्हा वर्ग करून २ वजा करावे, ३७,६३४ येतात. आता पाच घरांची बेरीज ३१ तपासावयाची असेल, तर पाचाहून एकाने कमी, म्हणजे चौथी संख्या घ्यावी. ३७,६३४ ला ३१ ने भाग लावला तर तो १२१४ वेळा निःशेष जातो. टिचकीचा आवाज खणखणीत आला. ३१ मूळ आहे. अकरा घरांच्या २०४७ साठी दहावी संख्या घ्यावी लागते, आणि तिला भाग लावला असता १७३६ बाकी उरते. आवाज बद्द आला. २०४७ संयुक्त आहे. २३ आणि ८९ हे अवयव ठाऊक नसते, तरी हे कळलेच असते.

सदुसष्टासाठी वर्ग करण्याची ही क्रिया पासष्ट वेळा करावी लागते, आणि प्रत्येक वेळी एकवीस अंकी संख्येने भागून बाकी तेवढी ठेवावी लागते. अशाच जातीच्या कसोटीने ल्युका यांनी निर्णय दिला : मर्सेन यांच्या यादीतील सदुसष्ट चुकीचे आहे, ही संख्या मूळ नाही. त्याच वर्षी त्यांनी एकशे सत्तावीस घरांची एकोणचाळीस अंकी बेरीज मात्र मूळ असल्याचे दाखवले. तेथे मर्सेन बरोबर ठरले. पुढे १८८३ मध्ये रशियातील एक धर्मोपदेशक पेर्वुशिन यांनी एकसष्ट घरांची बेरीज मूळ असल्याचे सिद्ध केले. एकसष्ट तर मर्सेन यांच्या यादीत नव्हते! तेव्हा काही जणांना वाटले, की मर्सेन यांनी एकसष्टच लिहिले असावे आणि छापताना त्याचे सदुसष्ट झाले असावे. पण तो तर्क टिकवणे अवघड झाले. कालांतराने २५७ ही चुकीचे ठरले. ८९ आणि १०७ हे यादीतून निसटल्याचेही आढळले. १९४७ पर्यंत साऱ्या यादीचा हिशेब पुरा झाला : दोन संख्या यादीत नको होत्या, तीन हव्या होत्या त्या नव्हत्या.

मडके तडकलेले आहे हे कळले. पण तडा कोठे आहे? एकवीस अंकी संख्येचे अवयव कोणते? १८७६ नंतरही सव्वीस-सत्तावीस वर्षे या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही.

हे उत्तर शोधणारे गृहस्थ म्हणजे फ्रँक नेल्सन कोल. त्यांचा जन्म १८६१ मध्ये अमेरिकेत झाला. ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते आणि अमेरिकन गणित संस्थेचे चिटणीसपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. संस्थेच्या पत्रिकेचे संपादनही ते करीत. दिवसभर शिकवावे, सभांची टिपणे ठेवावीत, इतरांचे लेख तपासून छापावयास द्यावेत, असा त्यांचा क्रम असे. या साऱ्यातून उरलेला वेळ त्यांनी या एका संख्येला दिला.

अवयव शोधण्याच्या कामी एक जुना नियम उपयोगी पडतो. सदुसष्ट घरांच्या बेरजेचा कोणताही मूळ अवयव हा सदुसष्टाच्या दुपटीच्या, म्हणजे १३४ च्या, पाढ्यातील संख्येहून एकाने अधिक असला पाहिजे. या नियमाची खूण २०४७ मध्ये पटते. तेथे अकराची दुप्पट बावीस. २३ म्हणजे बावीस एके बावीस आणि एक. ८९ म्हणजे बावीस चोक अठ्ठ्याऐंशी आणि एक. हा नियम आणि त्याच्या जोडीचा आणखी एक नियम यांमुळे तपासावयाच्या संख्या पुष्कळ कमी होतात. परंतु कमी होऊनही त्या किती उरतात? खरा अवयव १३४ च्या पाढ्यात १४,४५,५८० व्या पायरीवर दडलेला होता. दुसऱ्या नियमाने निम्म्या पायऱ्या गाळल्या, एका भागाकाराला पाच मिनिटे धरली, आणि दर रविवारी आठ तास काम केले, तरी तेथवर पोहोचावयास जवळजवळ १४५ वर्षांचे रविवार लागले असते. नुसत्या चिकाटीने हे काम होण्यासारखे नव्हते. कोल यांनी वर्गसंख्यांना भागून उरणाऱ्या बाक्यांचा अभ्यास केला आणि त्यांच्या आधारे चाळण्या तयार केल्या. धान्य निवडताना एकीपेक्षा एक बारीक चाळणी घ्यावी, तशा एकामागून एक चाळण्यांतून त्यांनी संख्या चाळून काढल्या.

१९०३ च्या ऑक्टोबर महिन्यात न्यूयॉर्क येथे गणित संस्थेची सभा भरली. ‘मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याविषयी’ अशा अर्थाचे नाव असलेला कोल यांचा निबंध कार्यक्रमपत्रिकेत होता. त्या प्रसंगाची हकीकत गणिताचे इतिहासकार बेल यांनी सांगितली आहे. मितभाषी म्हणून प्रसिद्ध असलेले कोल आपली पाळी येताच उठले, फळ्यापाशी गेले आणि एक शब्दही न बोलता लिहू लागले. फळ्याच्या एका बाजूला त्यांनी दोनाचा सदुसष्टावा घात काढला, त्यातून एक वजा केला आणि आलेले उत्तर तसेच ठेवले. मग मोकळ्या जागेकडे जाऊन त्यांनी दोन संख्या मांडल्या :

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७ अशी अंकांची सरमिसळ होऊ नये म्हणून त्या स्वतंत्र ओळींत पाहाव्यात :

पहिली संख्या : १९,३७,०७,७२१

दुसरी संख्या : ७,६१,८३,८२,५७,२८७

मग ओळीखाली ओळ लिहीत त्यांनी हा गुणाकार हाताने पुरा केला. फळ्याच्या दोन बाजूंची दोन उत्तरे अंकाला अंक जुळली. कोल यांनी खडू खाली ठेवला आणि ते आपल्या जागी जाऊन बसले. सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीही एक प्रश्न विचारला नाही. विचारण्यासारखे काही उरलेच नव्हते. पुढे १९११ मध्ये बेल यांनी, या कामाला किती वेळ लागला असे विचारले असता, तीन वर्षांचे रविवार, असे उत्तर कोल यांनी दिले.

तीन वर्षांचे रविवार म्हणजे सुमारे दीडशे दिवस. त्या दिवशी मित्र फिरावयास गेले असतील, घरोघरी विश्रांती असेल. आणि हा गृहस्थ कागदावर अंक मांडीत बसला असेल. अवयव सापडेलच असे वचन त्याला कोणी दिले नव्हते. अवयव आहेत, एवढी खात्री ल्युका यांनी दिलेली होती. त्या खात्रीच्या बळावर एकेक रविवार सरत गेला. फळ्यापुढे उभे राहिल्यावर कोल यांना या परिश्रमांचे वर्णन करता आले असते. ते त्यांनी केले नाही, कारण सिद्धतेला त्याची गरज नव्हती. तीन वर्षांचे काम फळ्यावर काही मिनिटांत तपासून झाले.

संख्यांच्या जगातील हा एक विलक्षण भेद आहे. गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून गुणलेल्या संख्या शोधणे कठीण. दोन रंगांचे पाणी क्षणात मिसळता येते. मिसळलेले पाणी पुन्हा वेगळे करू पाहणाऱ्याची मात्र दमछाक होते. या भेदाचा उपयोग पुढे व्यवहारातही झाला. १९७७ मध्ये तीन संशोधकांनी गुप्त लिपीची एक अशी पद्धत शोधून काढली, की जिची सारी सुरक्षितता प्रचंड संख्यांचे अवयव पाडण्याच्या अडचणीवर अवलंबून आहे. कोल यांची एकवीस अंकी संख्या आता त्या कामास अपुरी आहे. साधा संगणकही डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तिचे अवयव सांगतो. तेथे शेकडो अंकी संख्या लागतात. दुपटीच्या रांगेतील मूळ संख्यांना आज ‘मर्सेन मूळ संख्या’ म्हणतात. त्यांचा शोध जगभरचे हौशी लोक आपल्या संगणकांच्या साहाय्याने घेत असतात, आणि २०२४ मध्ये सापडलेल्या अशा एका संख्येत चार कोटी दहा लक्षांहून अधिक अंक आहेत.

यादीत पाच चुका निघूनही या संख्यांना मर्सेन यांचेच नाव राहिले, हे योग्यच झाले. त्यांनी यादी लिहिली नसती, तर ती तपासावी असे ऑयलर, ल्युका, पेर्वुशिन आणि कोल यांच्या मनात कदाचित आलेही नसते. त्यांच्या मोठेपणाने संख्या मूळ झाली नाही, आणि संख्या संयुक्त निघाल्याने त्यांचे मोठेपण कमी झाले नाही. कोल यांचे नावही मागे राहिले. १९२६ मध्ये ते निवर्तले, आणि बीजगणितातील उत्तम संशोधनासाठी त्यांच्या नावाचे पारितोषिक गणित संस्थेकडून देण्यात येऊ लागले.

परंतु कोल यांच्या म्हणण्यावरही केवळ ते प्राध्यापक होते म्हणून विश्वास ठेवण्याचे कारण नाही. वरच्या दोन संख्यांना नवांचा ताळा लावून पाहावा. पहिलीच्या अंकांची बेरीज ३७. तिच्या अंकांची बेरीज १०. तिची पुन्हा बेरीज १. दुसरीच्या अंकांची बेरीज ६४. तीही १० वरून १ वर येते. एक गुणिले एक, एक. आता एकवीस अंकी संख्येच्या अंकांची बेरीज १०९. तीही १० वरून १ वर येते. ताळा जुळला. ताळा न जुळता तर गुणाकार चुकला, हे नक्की ठरले असते. तो जुळल्याने मात्र गुणाकार बरोबरच आहे असे सिद्ध होत नाही. पुरी खात्री हवी असेल, तर पुरा गुणाकारच केला पाहिजे. त्यासाठी वहीचे एक कोरे पान, टोक केलेली पेन्सिल आणि अर्धा तास एवढी सामग्री पुरेशी आहे. नऊ अंकी संख्येत एक शून्य असल्याने ओळी आठच लिहाव्या लागतात. हातचे नीट सांभाळले, तर शेवटच्या ओळीत उजवीकडून एकेक अंक उतरू लागतो : सात, दोन, नऊ, दोन, एक... आणि न्यूयॉर्कच्या त्या सभेत फळ्यावर उमटली, तीच संख्या वहीच्या पानावर उभी राहते.